नरनाळ्याचा समुद्र

बाबांनी समुद्र कधी पाहिलेला नाही, असं मी सगळ्यांना सांगायची. बाबांना ते मान्य नव्हतं. "पाह्यला ना," ते म्हणायचे, "नरनाळ्यावरून. तुह्यापेक्षा जवळून पाह्यला." अकोटच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमची दीड एकर बागायत आहे. वांगी, कोथिंबीर आणि हिवाळ्यात शेवंती. तिथून समुद्र गाठायचा तर अकोल्याला येऊन रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. पण बाबांचा समुद्र घरामागच्या गडावरून दिसायचा, आणि तो खरा नाही असं त्यांच्या तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

मी मात्र खऱ्या समुद्राच्या काठी पोट भरते. हिवाळ्यात मुंबईच्या बंदराला परदेशी प्रवाशांची मोठाली जहाजं लागतात. सकाळी येतात, संध्याकाळी जातात. मधल्या आठ-नऊ तासांत ज्यांना बसभर माणसांसोबत फिरायचं नसतं, ते आपल्यापुरती एक गाडी आणि एक गाईड ठरवतात. तो गाईड म्हणजे मी. धक्क्यावर पाटी धरून उभं राहायचं, दोन-चार पाहुणे ताब्यात घ्यायचे आणि लाँचनं घारापुरीची लेणी दाखवून आणायची. नाहीतर पलीकडे मांडव्याला उतरून अलिबाग, रेवदंडा. पडके तट, त्यांच्या आत वाढलेल्या नारळी-पोफळी, भिंतीपलीकडून ऐकू येणारी गाज. जे आता उरलेलं नाही ते दाखवायचं, हे माझं काम. इथे घंटा होती, इथे जिना होता, इथे उभं राहून माणसं जहाजांची वाट बघायची. पाहुणे माना डोलावतात, आणि थोड्या वेळानं त्यांना खरोखरच दिसायला लागतं. हे मला छान जमतं, उगाच विनय कशाला करू?

दुसरं काम घड्याळाचं. जहाज कुणासाठी थांबत नाही. सुरुवातीच्या दिवसांत एक म्हातारे गृहस्थ रेवदंड्याच्या तटावर बसले, ते उठेचनात. नुसते पाण्याकडे बघत होते. वारा पडला होता, पाणी हलतंय की नाही तेही कळत नव्हतं, आणि मलाही त्यांना उठवावंसं वाटेना. त्या दिवशी परतीची बोट उशिरा सुटली. आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा जहाजाची शिडी काढायला घेतली होती. तेव्हापासून मी नियमच केला, परतीच्या वेळेआधी एक तास हातात ठेवायचा. कुणी कितीही गयावया करो, माझी वेळ झाली की झाली. सोबतचे गाईड मला पाठीमागे हवालदारीण म्हणतात. म्हणोत बापडे. माझा एकही पाहुणा आजवर मागे राहिलेला नाही.

जहाज गेलं की मी धक्क्यावरूनच बाबांना फोन लावायची. ते विचारायचे, "आज कोन्या देशाचे होते पाव्हणे?" मग दिवसभर जे इंग्रजीतून बोलले ते मी पुन्हा एकदा वऱ्हाडीतून बोलायची. पलीकडे विहिरीवरच्या मोटारीचा आवाज आणि मध्ये मध्ये बाबांचं "हं" एवढंच ऐकू यायचं. सगळं ऐकून झालं की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं. "हिवाळ्यात ये व माय. तुले आपला समुद्र दाखवतो."

पण हिवाळ्यात मी कशी जाणार? हिवाळा म्हणजे जहाजं. मी घरी जायची पावसाळ्यात, बंदर ओस पडल्यावर, आणि बाबांचा समुद्र पावसाळ्यात दिसत नाही. पौषाच्या सुमारास, वारा नसेल अशा एखाद्या दिवशी, दुपार कलली की गडाच्या दक्षिणेच्या कड्यावर बसायचं. खाली अकोटपासून पूर्णा नदीपर्यंत सगळं काळं रान. शेताशेतांतला धूर, दिवसभराची धूळ आणि जमिनीतून सुटलेला गारवा मिळून त्याच्यावर एक निळसर थर चढतो. ऊन तिरपं होऊन त्या थरावर पडलं की तो हलायला लागतो. मग शेतं जातात, रस्ते जातात, गावं बुडतात, आणि मोठ्या झाडांचे शेंडे तेवढे वर राहतात. बाबांनी हे पहिल्यांदा पाहिलं ते गुरं घेऊन वर जायच्या वयात. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी आईलाही नेऊन दाखवलं होतं.

आईला त्याचं काही नवल वाटलं नाही. ती दर्यापूरकडची, खारपाणपट्ट्यातली. तिच्या माहेरी विहिरींचं पाणी खारट, चहासुद्धा खारट लागतो. तिथे कधीकाळी समुद्र होता असं लोक सांगतात. जाणकार वेगळं काहीतरी सांगतात. "आमी त त्याच समुद्राचं पानी पिऊन मोठे झालो," असं म्हणून आई विषय संपवायची. लहानपणी आजोळी गेले की मी भर दुपारी त्या विहिरीच्या काठावर पालथी पडून कान लावायची. ऐकू काहीच यायचं नाही. तरी तिथून उठवायचं नाही, आणि आत खूप खोल काहीतरी झोपलेलं आहे असं वाटत राहायचं.

गेल्या दिवाळीनंतर बाबांच्या हृदयानं दगा दिला. अकोल्याला दवाखान्यात आठ दिवस काढून ते घरी आले आणि मी हंगाम अर्धा टाकून आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हिवाळ्यात. बाबा खाटेवर बसले होते, अंगातला सदरा दुसऱ्याचा वाटावा इतके वाळलेले. मला बघून त्यांनी तब्येतीचं अक्षर काढलं नाही. "आली का हिवाळ्यात?" म्हणाले. "चाल मंग."

डॉक्टर नाखुशीनंच हो म्हणाले. गाडीनं जायचं, फार चालायचं नाही, थंडी लागू द्यायची नाही. पुढच्या हिवाळ्याचं काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. म्हणजे ही एकच फेरी होती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. नरनाळा वाघांच्या जंगलात आहे. शहानूरच्या गेटवर नोंद करून जीपनं वर जायचं आणि संध्याकाळी सहाला गेट बंद व्हायच्या आत खाली यायचं. मी कागद घेऊन वेळापत्रक केलं. दहा वाजता गेट, अकराला महाकाली दरवाजा, बाराला तलाव, एकला जेवण. सव्वादोन ते पावणेतीन, कडा आणि समुद्र. खरंच असं लिहिलं होतं मी. आईनं ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. "समुद्राले अर्धा घंटा देल्ला व हिनं!" ती स्वतः आली नाही. घाटात तिला गरगरतं. "माहा पाहून झाला हाय," म्हणाली आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी बांधून दिली.

जीपवाला त्याच भागातला, बोलघेवडा माणूस होता. बाबांना त्यानं पुढे बसवलं, मफलर नीट करून दिला. रस्त्यावर सागाची वाळलेली पानं पडलेली, चाकाखाली करकर वाजत होती. ऊन फांद्यांतून उतरत होतं आणि बाबांच्या मांडीवर हलत होतं. ते त्याच्याकडेच बघत होते. सगळं इतकं हळू चाललं होतं की मला मुंबई, बंदर, ती माझी पाटी, सगळं कुणा दुसऱ्या बाईचं वाटायला लागलं.

महाकाली दरवाज्यापाशी मात्र माझं तोंड सुटलं. ती दगडातली कमळं, ती अक्षरांची वेलबुट्टी, दोन्ही बाजूंचे सज्जे; इथे पहारेकरी बसायचे, इथून पालख्या आत यायच्या. बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. फोनवर ते कितीतरी वर्षं ऐकत आले होते, पण मी हे करताना त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. मध्येच जीपवाल्याकडे वळून म्हणाले, "पाह्य, कशी सांगते." मला इतकं बरं वाटलं की मी आणखी वीस मिनिटं बोलले.

तलावाकाठी जेवलो. बाबा झाडाला टेकून डुलकी काढत होते. पाण्यात आभाळ पडलं होतं आणि एक पांढरा पक्षी त्याच्या कडेनं चालत होता. मीही बसल्या जागी पेंगले असेन. पण बरोबर दोन वाजता माझे डोळे उघडले. ते उघडतातच.

सव्वादोनला आम्ही कड्यावर होतो. खाली नुसतं पांढरं ऊन. पायथ्याचं धरण दिसत होतं, रस्ता दिसत होता, एक ट्रॅक्टर जात होता.

"आता नाही दिसत," बाबा म्हणाले. "ऊन तिरपं होऊ दे."

"किती वाजता होईल?"

"वाजता कसं सांगू? तो काय जहाज हाय?"

शालीची घडी करून मी त्यांना एका रुंद दगडावर बसवलं. पावणेतीन झाले, तीन झाले, सव्वातीन झाले. वारा अजिबात नव्हता. दूर पूर्णेच्या अंगाला एक निळसर रेघ उमटली. बाबा पुढे झुकले. "येऊन राहिला," ते हळूच म्हणाले. मी घड्याळ पाहिलं. साडेतीन. रेवदंड्याला उठते तशी मी उठून उभी राहिले.

"बाबा, निघायची वेळ झाली."

जीपवाला म्हणाला, "ताई, गेट सहाले बंद होते. खाली जायले पाऊन घंटा पुरते. बसू द्या ना त्याइले."

"घाट आहे. पंक्चर झालं तर? थंडी बाधली तर?"

"थोडं थांबू," बाबा म्हणाले.

हे वाक्य मी शेकडो पाहुण्यांकडून, किती भाषांत ऐकलं आहे. त्याचं उत्तर माझ्या तोंडात तयार असतं. चेहऱ्यावर हसू, पाहुण्याच्या कोपराखाली हात आणि "पुढच्या वेळी नक्की." ते सगळं तसंच्या तसं माझ्याकडून झालं. पुढची वेळ नव्हती हे मला माहीत असूनही झालं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कुणाकडे दोनदा मागायची सवय नाही. ते काठी टेकून उठले.

सव्वाचारला आम्ही गेटवर होतो. तिथला माणूस वही पुढे करत म्हणाला, "एवढ्या लवकर?" पुढे पोपटखेडला चहाला थांबलो. बाकड्यावर बसले आणि समोरच्या भिंतीवर ऊन तिरपं पडलेलं दिसलं. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. कोणतं जहाज सुटणार होतं माझं? कुणाची शिडी काढत होते? मी ताडकन उठले, जीपवाल्याला म्हटलं, चला परत. तो खाली बघत म्हणाला, एकदा बाहेर पडलेली गाडी त्या दिवशी पुन्हा आत सोडत नाहीत.

बाबा बशीतून चहा पीत होते. फुंकर घालून, शांतपणे म्हणाले, "तू मले फिरवलं नाही व माय. नेलं अन् आनून टाकलं."

मला रडू आलं, आणि रडता रडता मी त्यांच्यावरच चिडले. "मंग बोलले कावून नाही तुमी?"

"बोललो ना. थोडं थांबू म्हनलं."

त्या प्रवासानं त्यांना धाप लागली. डॉक्टरांनी आता अंगणापलीकडे पाऊल टाकायचं नाही असं बजावलं. माझ्यावर कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं, पण घरात कुणी रागावलं नाही. दोन दिवसांनी उशीला टेकून बसलेले बाबा म्हणाले, "मंग तूच जाय. पाहून ये अन् मले सांग."

मी गेले. एकटी, त्याच जीपनं. कड्यावर त्याच दगडावर बसले. त्या दिवशी उत्तरेचा वारा होता, पार रात्रीपासून सुटलेला. रान आरशासारखं स्वच्छ. शेताचा बांध न बांध मोजता आला असता. जीपवाल्यानं हॉर्न वाजवेपर्यंत बसले आणि उतरले. घरी आले तेव्हा बाबांची नजर दारावरच होती.

"दिसला?"

"दिसला," मी म्हटलं.

मग मी सांगितलं. आधी पूर्णा कशी गेली, मग पाणी कसं गावागावांत शिरलं, देवळाचा कळस शेवटपर्यंत कसा वर राहिला, बगळ्यांची रांग त्याच्यावरून कशी गेली. जे नाही ते दाखवायचं काम मी आयुष्यभर केलं, पण त्या दिवसाइतकं चांगलं कधी केलं नव्हतं. आई परातीत हात तसाच ठेवून ऐकत होती. बाबांनी डोळे मिटले होते. मी थांबल्यावर त्यांनी ते उघडले.

"लय चांगलं सांगतं तू," म्हणाले. "पन आज दिवसभर वारं होतं, बाई. पाह्य, शेवंती कशी लोळली हाय."

मी खिडकीतून पाहिलं. शेवंती खरंच आडवी झाली होती. माझे कान तापले, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. बाबा मात्र रागावले नव्हते. "परवा जाय पुना," म्हणाले. "पन जे दिसन तेच सांगजो."

त्या महिन्यात मी किती वेळा गड चढले ते जीपवाल्यालाच विचारावं लागेल. तो मला बघितलं की आधी आभाळाकडे बघायचा. मुंबईच्या टूर कंपनीचा फोन आला, जहाजं लागली आहेत, पाहुणे तुलाच मागतात. या हंगामात येत नाही, असं सांगून मी फोन ठेवला. सुरुवातीला कड्यावर बसून मी दर पाच मिनिटांनी मनगट बघायची. बसता बसता सवय मोडत गेली. सांबराच्या खुरांच्या ठशांत साचलेलं पाणी, वाळल्या पानावरून चालणारा मुंगळा, खालून येणारी एखाद्या गावातली भोंग्यावरची गाणी; घरी येऊन "नाही दिसला" म्हणायचं आणि मग हे सांगायचं. बाबा पूर्वी फोनवर करायचे तसं "हं" करत ऐकायचे. कधी विचारायचे, "पानी गढूळ होतं का नितळ?" आणि मला ते पाहिल्याचं आठवायचं नाही. दुसऱ्या खेपेला मी नीट बघून यायची.

माघ लागत आला. आता काय दिसणार, असं आईही म्हणायला लागली होती. त्या दिवशी सकाळपासून झाडाचं पान हललं नव्हतं. मी वर गेले, बसले. किती वेळ गेला मला माहीत नाही. निळी रेघ आली, रुंद झाली, आणि मग ती थांबली नाही. शेतं गेली. रस्ता गेला. धरणाचं खरं पाणीसुद्धा त्यात गेलं. आमचं गाव कुठे होतं ते मी शोधत होते. तिथे एका वडाचा शेंडा होता आणि त्याच्या भोवती सगळं हलत होतं. आवाज नव्हता, वास नव्हता, नुसतं ते संथ हलणं होतं. त्याच पाण्याखाली या घटकेला बाबा खाटेवर पडून आहेत, दाराकडे बघत, हे मनात आलं. सवयीनं मी वाक्यं जुळवायला लागले. ती जुळेनात.

घरी आले. आई चुलीपाशी होती. बाबा जागेच होते. मी त्यांच्या खाटेवर पायगती बसले. सांगायला तोंड उघडलं, पण एक शब्द फुटेना. अठरा वर्षं ज्या तोंडावर जगले ते तोंड बंद पडलं. डोळे तेवढे वाहत होते.

बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग पाय थोडे आखडून त्यांनी मला नीट बसायला जागा करून दिली.

"हां," ते म्हणाले. आणि मान वळवून आईला म्हणाले, "इले जेवाले वाढ. लय दुरून आली."